ज्याला मोकळे सोडता येत नाही



जुम्याच्या नमाजनंतर इमामाला विचारले जाणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. वारसाहक्काची वाटणी, बँकेचे व्याज, रागाच्या भरात उच्चारलेले तलाकचे शब्द, बुडीत कर्ज. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये इमामत करताना अलीकडे माझ्यापुढे एक निराळा प्रश्न आला. त्याचे उत्तर मशिदीच्या पायरीवर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्नकर्ता तरुण फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतो. कारखान्याच्या दाराशी लहानाची मोठी झालेली एक कुत्री रिक्षाखाली आली. पाठीच्या कण्याला मार बसून तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले. काही प्राणिमित्रांनी तिला उचलून निवारागृहात नेले. जखमा भरल्या. ती आता खाते, पिते, पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत चालते; शेपटीत जीव उरलेला नाही, तरी ओळखीचा माणूस दिसला की खांद्यांपासून सारे अंग हलवते. निवारागृहाचे म्हणणे असे की उपचार संपले, तिला आता घर हवे. त्या तरुणाने विचारले, "मौलाना, तिला घरी आणले तर माझ्या घरात फरिश्ते येणार नाहीत का? आणि नाही आणले तर कयामतच्या दिवशी तिचा हिशेब मला द्यावा लागेल का?"

या प्रश्नाचा पूर्वार्ध आपल्या समाजात वारंवार विचारला जातो. उत्तरार्ध मी प्रथमच ऐकला.

पूर्वार्धाला बगल देऊन चालणार नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सहीह संग्रहांत ह. अबू हुरैरा (रजि.) आणि ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या हदीसी आहेत. शिकारीसाठी, गुराढोरांच्या राखणीसाठी किंवा शेतीसाठी नसलेला कुत्रा जो कोणी पाळतो, त्याच्या सत्कर्मांतून दररोज एक कीरात (काही कथनांत दोन) घटत जातो, असा त्यांचा आशय आहे. ज्या घरात कुत्रा आहे त्यात फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, ही हदीसही सहीह आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने धुण्याची आज्ञाही सहीह आहे. आजकाल शहरांत परदेशी जातीची पिल्ले हजारो रुपयांना विकत घेतली जातात, दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवली जातात आणि आजारी पडली की हमरस्त्यावर सोडली जातात. या हौसेला इस्लाममध्ये जागा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आरंभीच्या हौसेला नाही, तर शेवटच्या त्या निर्दयतेला कोठून असणार?

परंतु या हदीसी ज्या ओठांनी उच्चारल्या गेल्या, त्याच ओठांनी आणखीही काही सांगितले आहे, आणि तेही त्याच ग्रंथांत आहे. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून विहिरीत उतरणाऱ्या, मोज्यात पाणी भरून तो दातांत धरून वर चढणाऱ्या माणसाची कथा प्रत्येक मकतबमध्ये सांगितली जाते. सहाबांनी त्यावर विचारले की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? प्रत्येक ओल्या काळजाच्या, म्हणजे प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत मोबदला आहे, असे उत्तर मिळाले. बनी इस्राईलमधील एका बदनाम स्त्रीची क्षमा अशाच एका कुत्र्याला पाजलेल्या पाण्यामुळे झाली. मक्का विजयाच्या मोहिमेत, हिजरी ८ मध्ये, दहा हजारांचे सैन्य कूच करीत असताना वाटेत पिल्लांना पाजणारी कुत्री दिसली. प्रेषितांनी (स.) ह. जुऐल बिन सुराका (रजि.) यांना तिच्याजवळ उभे राहण्यास सांगितले, जेणेकरून सैन्यातील कोणी तिला व तिच्या पिल्लांना त्रास देऊ नये. ही नोंद वाकिदी यांच्या 'किताबुल मगाजी' मध्ये आहे. बुखारीत ह. इब्ने उमर (रजि.) सांगतात की प्रेषितांच्या (स.) काळात कुत्री मशिदीतून ये-जा करीत आणि त्यासाठी तेथे पाणीही शिंपडले जात नसे.

दिव्य कुरआन पाहा. सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत पृथ्वीवरील प्रत्येक प्राणी व प्रत्येक पक्षी यांना तुमच्यासारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेतील तरुणांची संख्या किती यावर लोक तर्क करतात, तेव्हा प्रत्येक तर्कात त्यांचा कुत्रा मोजला जातो: तिघे आणि चौथा कुत्रा, पाच आणि सहावा कुत्रा, सात आणि आठवा कुत्रा. तीनशेहून अधिक वर्षे उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला तो प्राणी कयामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात आला. तो आत नव्हता, उंबरठ्यावर होता, एवढे मात्र लक्षात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

कोणी म्हणेल, सूरह अल-आराफमध्ये (आयत १७६) धापा टाकणाऱ्या कुत्र्याची उपमा निंदेसाठी आली आहे. आली आहे, पण निंदा कोणाची? अल्लाहच्या निशाण्या मिळूनही ऐहिकाकडे झुकलेल्या माणसाची. कुत्रा धापा टाकतो तो त्याच्या शरीराचा धर्म आहे. त्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. माणूस मात्र ओझे असो वा नसो, लोभाने धापा टाकतो. उपमेतील दोष माणसाच्या पदरी जातो आणि आपण काठी उगारतो ती कुत्र्यावर. मराठीत तर 'कुत्र्याचे जिणे' आणि 'कुत्र्याची मौत' हे वाक्प्रचार आपण इतक्या सहजतेने वापरतो, की ते जिणे आणि ती मौत कोणामुळे तशी झाली हा प्रश्न मनात येत नाही.

नापाकीविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. नापाकी हा धुण्याचा विषय आहे. आपल्या तान्ह्या मुलाचे मूत्रही नापाकच असते. म्हणून कोणी मुलाला दगड मारीत नाही. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नजिस आहे, त्याचे कोरडे अंग नव्हे. शाफई मतानुसार संपूर्ण कुत्रा नजिस आहे, आणि आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांचा मजहब शाफई असल्याने कल्याण-भिवंडीच्या या पट्ट्यात हा फरक सांगणे आवश्यक ठरते. इमाम मालिक (रह.) यांच्या मते जिवंत कुत्रा पाक आहे आणि भांडे धुण्याची आज्ञा ही आज्ञापालनाची बाब आहे. पण शाफई मतानेही कोरड्या कुत्र्याला कोरडा हात लागला तर हात नापाक होत नाही. ओलावा असेल तर धुवावे. म्हणजे जखमी कुत्र्याला उचलून रिक्षात घालणाऱ्या माणसाचे फार तर कपडे धुवावे लागतील. त्याच्या ईमानाला काही होत नाही.

अत्तार यांच्या 'तजकिरतुल औलिया' मध्ये बायजीद बुस्तामी (रह.) यांची एक कथा आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. अरुंद गल्लीत कुत्रा समोर आला तेव्हा बायजीद यांनी झगा आवरून घेतला. कुत्रा म्हणाला, मी कोरडा असेन तर तुमचे काही बिघडत नाही, ओला असेन तर सात वेळा धुतल्याने प्रश्न मिटेल. पण झगा आवरताना मनात जो अहंकार आला तो सात समुद्रांनीही धुतला जाणार नाही.

आता उत्तरार्ध. त्या कुत्रीचा हिशेब कोणाकडे?

मांजरीला बांधून ठेवल्यामुळे नरकात गेलेल्या स्त्रीची हदीस सर्वांना ठाऊक आहे. आपण ती केवळ क्रूरतेविरुद्धची कथा म्हणून सांगतो. फिकहचा विद्यार्थी तिची रचना पाहतो. त्या स्त्रीवर ठेवलेल्या आरोपात दोन पर्याय आहेत: तिने मांजरीला खाऊ-पिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंगी खाऊन जगावे म्हणून मोकळेही सोडले नाही. याचा अर्थ असा की प्राण्याशी माणसाचा संबंध दोन रीतींनी निर्दोष राहतो. एक तर त्याचे पोषण करा, किंवा त्याला मोकळे सोडा, म्हणजे अल्लाहने पृथ्वीवर पसरलेल्या अन्नातून तो आपले शोधून घेईल.

धडधाकट भटक्या कुत्र्याच्या बाबतीत दुसरा पर्याय खुला आहे. आपल्या देशाचा कायदाही साधारण याच वाटेने जातो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरील कुत्र्याला पकडून, निर्बीजीकरण करून, रेबीजची लस टोचून जेथून आणले तेथेच सोडावयाचे असते. परंतु जिचे मागचे पाय लुळे आहेत तिला कोठे सोडणार? कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर? वालधुनीच्या काठावर? ती दुसऱ्या कुत्र्यांपासून पळू शकत नाही, वाहन चुकवू शकत नाही, कचराकुंडीपर्यंत पोचण्याआधी डांबराने तिच्या मांड्या सोलून निघतात. तिला 'मोकळे' सोडणे म्हणजे मारणेच, फक्त हळूहळू. जेथे दुसरा पर्याय मिटला तेथे पहिलाच उरतो: पोषण. अपंग प्राण्याचा हक्क धडधाकट प्राण्यापेक्षा मोठा असण्याचे कारण हेच आहे, आणि ते भावनेतून आलेले नाही, हदीसच्या शब्दरचनेतून निघाले आहे.

आपल्या पूर्वसूरींनी हे ओळखले होते. सातव्या हिजरी शतकातील शाफई फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह., मृत्यू हि. ६६०) यांनी 'कवाइदुल अहकाम' मध्ये माणसावर असलेले जनावरांचे हक्क सांगितले आहेत. त्यांतील अगदी आरंभीचा हक्क असा की जनावर जायबंदी झाले, आजारी पडले आणि त्याचा काही उपयोग उरला नाही तरीही त्याच्या योग्यतेप्रमाणे त्याच्यावर खर्च केला जावा. त्यांनी वापरलेला अरबी शब्द कायमच्या पंगुत्वाचा आहे. आठ शतकांपूर्वी, जेव्हा जनावर म्हणजे निव्वळ श्रम आणि दूध असे समीकरण होते, तेव्हा एका फकीहने 'उपयोग उरला नाही तरी' ही अट लिहून ठेवावी, याचे मला फार अप्रूप वाटते. हनफी ग्रंथांत जनावराला खाऊ घालणे ही दियानतीची, म्हणजे बंदा आणि अल्लाह यांच्यामधील जबाबदारी मानली आहे, इमाम अबू यूसुफ (रह.) तर म्हणतात की काजीने मालकाला तसे करण्यास भाग पाडावे.

येथे एक पेच आहे आणि तो लपवू नये. कुत्रा पाळण्याची जी सवलत हदीसमध्ये आहे ती उपयोगावर आधारलेली आहे: शिकार, राखण, शेती. अपंग कुत्र्याला उपयोग नाही, असे धरले तर सवलतही नाही. मग पोषणाचा हक्क आणि पाळण्याची मनाई यांची सांगड कशी घालावी?

पहिली गोष्ट, 'उपयोग नाही' हा निर्णय घाईचा असतो. कुत्रा राखण करतो ती कानांनी, नाकाने आणि गळ्याने. मागचे पाय लुळे पडल्याने भुंकणे थांबत नाही. तीन पायांचा कुत्रा तर चोरामागे धावतोही. आंधळ्या कुत्र्याला पावलांचा आवाज आपल्याआधी कळतो. घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणे हे हदीसमधील तीन कारणांवर कयास करून अनेक फुकहांनी वैध ठरवले आहे, आणि राखणदाराला चार पाय असलेच पाहिजेत असे कोणीही लिहिलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'घर देणे' म्हणजे आपल्या गादीवर, जानमाजच्या शेजारी झोपवणे, असा अर्थ आपण शहरी जाहिराती पाहून करून घेतला आहे. अंगणातील पत्र्याची शेड, कारखान्याच्या फाटकाजवळची कोरडी ओसरी, तबेल्याचा कोपरा, हेही घरच. गुहेतील तरुणांचा कुत्रा उंबरठ्यावर होता आणि तरीही त्यांच्यात मोजला गेला. फरिश्त्यांविषयीच्या हदीसवर भाष्य करताना इमाम खत्ताबी (रह.) यांनी म्हटले आहे की ज्या कुत्र्याला ठेवण्याची परवानगी आहे त्याला ती लागू नाही. इमाम नववी (रह.) यांनी ती सर्व कुत्र्यांसाठी व्यापक मानली आहे. सावध माणसाने नववींचे मत घ्यावे आणि प्राण्याची जागा राहत्या खोलीबाहेर ठेवावी. दोन्ही मतांचा मान राहतो आणि प्राणीही जगतो.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर दोन भागांत आहे. तो दहा माणसांसह एका खोलीत राहतो. आपले हे शहर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या बराकींत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी वसाहतीची पायाभरणी केली, आणि आजही आपला पत्ता कॅम्पच्या क्रमांकानेच ओळखला जातो. बराकींच्या भिंती पाडून, खोल्यांच्या खोल्या करून लोक राहतात. अशा एका खोलीत मणक्याला इजा झालेला प्राणी ठेवणे योग्य नाही. अशा प्राण्याचे मलमूत्रावर नियंत्रण नसते. ज्या फरशीवर कुटुंब जेवते आणि सजदा करते तिच्यावर दिवसभर ओघळ राहतील. नमाजचे घर पाक राखणे हे कर्तव्य आहे, वृद्ध आईची अडचण ध्यानात घेणे हेही कर्तव्य आहे, आणि शेजाऱ्याचा हक्क तर जिब्रईल (अलै.) यांनी इतक्यांदा बजावला की प्रेषितांना (स.) वाटले, आता शेजाऱ्याला वारसही केले जाईल. तेव्हा तिला घरी आणू नकोस.

परंतु येथे उत्तर संपत नाही. तू तिचा मालक नाहीस, म्हणून हिशेब एकट्या तुझा नाही. पण तुला तिची अवस्था ठाऊक आहे आणि इतरांना नाही. ज्याप्रमाणे वस्तीत कोणी मय्यत झाली आणि कोणीच दफन केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते, काहींनी केले तर सगळ्यांची सुटका होते, त्याच धर्तीवर मी या कामाकडे पाहतो. जो स्वतः ठेवू शकत नाही त्याने ठेवू शकणारा शोधावा. कारखान्याच्या मालकाशी बोल. रात्री लाकडाची राखण हवीच असते.

निवारागृह आहे तर तेथेच का राहू नये, असा प्रश्न काहींनी मला विचारला. निवारागृह म्हणजे दवाखान्यासारखी जागा. ज्या पिंजऱ्यातून प्राणी बाहेरच पडत नाही तो पिंजरा उद्या रेल्वेखाली सापडणाऱ्या पुढच्या प्राण्याला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री उचलून निवारागृहांत ठेवावयाची आहेत. तेव्हा ही जागा आणखी अपुरी पडणार. त्यापूर्वी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीसंबंधीच्या आदेशात त्याच न्यायालयाने म्हटले होते की इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, आणि घेतलेला प्राणी पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच राहील. या अटीत मला त्या मांजरीच्या हदीसचा प्रतिध्वनी ऐकू येतो. शिवाय मणक्याच्या दुखापतीत मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. कोणीतरी दिवसातून तीन-चार वेळा पोट हलक्या हाताने दाबून ते रिकामे करावे लागते, नाहीतर संसर्ग होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. शेकडो प्राण्यांमध्ये फिरणाऱ्या दोन-चार कर्मचाऱ्यांना हे प्रत्येक दिवशी वेळेवर जमणे कठीण असते. ओळखीचे एक माणूस ते पाच मिनिटांत करते.

घर शोधताना दोन गोष्टी पाळाव्यात, आणि दोन्ही आपल्या शरीअतने आधीच शिकवल्या आहेत. एक, व्यंग लपवू नये. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतील ओले धान्य बाहेर काढले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सांगितले, ती मुस्लिमची हदीस येथेही लागू आहे. गोंडस छायाचित्र लावून, 'थोडी लंगडते' एवढेच लिहून प्राणी कोणाच्या गळ्यात मारला तर आठ दिवसांत तो परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रात्रीच्या अंधारात बदलापूरच्या पुढे कोठेतरी सोडला जातो. तसे सोडणे हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीही गुन्हा आहे. ती आपोआप लघवी करते, तिला डायपर लागतो, मांड्यांना जखमा होऊ नयेत म्हणून जाड मऊ अंथरूण लागते, चाकांच्या गाडीत ती दिवसभर राहू शकत नाही, थोडा वेळच राहते, हे आधीच सांगावे. ऐकून दहांपैकी नऊ जण माघार घेतील. घ्यावी. आपल्याला दहावाच हवा आहे.

दुसरी गोष्ट, किंमत घेऊ नये. कुत्र्याच्या किमतीला हदीसमध्ये मनाई आहे. हनफी फुकहांनी शिकवलेल्या, उपयुक्त कुत्र्याच्या विक्रीला वाव दिला आहे, पण तो वाद येथे उद्भवतच नाही. दत्तक म्हणजे हिबा, निव्वळ देणे.

सर्व अपंगत्व सारखे नसते, हेही सांगून ठेवतो, कारण 'अपंग' हा शब्द ऐकताच लोक सर्वांत कठीण प्रकाराची कल्पना करतात. एक पाय गेलेला कुत्रा काही आठवड्यांत तोल सावरतो. त्याला गुळगुळीत फरशी नको आणि वजन वाढू द्यायला नको, इतकेच. आंधळ्या कुत्र्याच्या वाटेतील वस्तू वरचेवर हलवू नयेत आणि हात लावण्यापूर्वी आवाज द्यावा. बहिरा कुत्रा हाताच्या खुणा शिकतो, मात्र रस्त्यावर दोरीशिवाय नेऊ नये. पाय गमावलेल्या प्राण्यांसाठी जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी 'कृष्णा लिंब' हा कृत्रिम पाय तयार केला. ते नाव एका वासराचे आहे. कै. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ गाठले, तोवर उशीर झाला होता, हे त्यांनीच सांगितले होते. त्या अनुभवामागोमाग २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. उल्हासनगरहून ते दूर आहे, पण शस्त्रक्रिया एकदाच करावयाची असते.

खर्चाचा प्रश्न मशिदीत आला की कोणीतरी जकातचे नाव काढते. जकातचे आठ हक्कदार सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीत ठरलेले आहेत आणि त्यांत प्राणी नाहीत; जकातचा पैसा येथे वापरू नये. नफिल सदका मात्र खुशाल द्यावा. वक्फचीही परंपरा आहे. दमिश्कमध्ये कामास निरुपयोगी झालेल्या म्हाताऱ्या घोड्यांना मरेपर्यंत चरता यावे म्हणून एक हिरवे कुरण वक्फ होते, असे मुस्तफा अस-सिबाई यांनी लिहून ठेवले आहे. आणि आपल्याच मुंबईत, जून १८३२ मध्ये, इंग्रज सरकारच्या आदेशाने रस्त्यांवरील कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा पारशी समाजाने पुढाकार घेऊन बाजारपेठ बंद पाडली, आणि त्यांच्या पाठीशी हिंदू, जैन यांच्याबरोबर इस्माईली मुसलमानही उभे राहिले होते. 'हे आमचे काम नाही' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा हा इतिहास एकदा वाचावा.

वेदनेतून सोडवण्यासाठी इंजेक्शन देऊन मारावे का, असेही विचारले जाते. २०२३ च्या नियमांत असाध्य आजारी व प्राणघातक जखमी कुत्र्यांसाठी तशी तरतूद आहे, आणि तो निर्णय पशुवैद्यासह ठरलेल्या मंडळींचा असतो. जी कुत्री भुकेला उठते आणि माणूस ओळखते तिच्यासाठी ती तरतूद नाही. बकरी ईदला लंगडे, आंधळे, खंगलेले जनावर कुर्बानीस चालत नाही, हे आपण काटेकोरपणे पाळतो. जे कुर्बानीतूनही वगळले गेले त्याला आपल्या सोयीसाठी मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

राहिला प्रश्न शोधावयाचे कोठे. बराकीच्या खोल्यांत नव्हे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचे पहारेकरी असतात आणि त्यांना जागता सोबती हवा असतो. बदलापूरपलीकडच्या गावांत अंगणे आहेत, कोंबड्या आहेत, भाताची खळी आहेत. तेथे राखणीचे कारण हदीसमधील शब्दांशी तंतोतंत जुळते. कल्याणच्या बाजूला तबेले आहेत, त्यांतील कित्येक आपल्याच बांधवांचे आहेत. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्याचा कागद निवारागृहातून मागून घ्यावा आणि लस दरवर्षी टोचावी. ईदचे उरलेले मांस द्यावे, शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती फुटून घशात व आतड्यात रुततात. ज्याने तयारी दाखवली त्याच्याकडे पहिला महिना 'पाहू या' या बोलीवर ठेवावे, दर जुम्याला कोणीतरी जाऊन पाहून यावे, आणि जमले नाही तर प्राणी निवारागृहात परत यावा, रस्त्यावर नव्हे, हे पहिल्याच दिवशी दोघांच्या साक्षीने बोलून घ्यावे.